आधी गोळी, मग नळी

काळ्या दारूच्या, जुन्या घडणीच्या काडतुसी रायफली मी झाडतो हे कळलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कॅलिबर कुठलं?" कोलोरॅडोतला शेजारी विचारतो, सुट्टीवर आलेला मेहुणा विचारतो, ज्याला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही तोसुद्धा विचारतो. मी "४५-७०" म्हणतो आणि माणूस समाधानाने मान हलवतो. रायफल बनवून घ्यायच्या फॉर्मवरही हाच रकाना सगळ्यात वर असतो. माझ्या हातात असतं तर मी तो सगळ्यात खाली टाकला असता.

आधी हे आकडे काय ते सांगतो. ४५ म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, इंचाच्या शतांशात. ७० म्हणजे पुंगळीत, काडतुसाच्या पितळी कवचात, मावणाऱ्या काळ्या दारूचं वजन, ग्रेनमध्ये. एका पौंडात सात हजार ग्रेन, तेव्हा ७० ग्रेन म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. १८७३ साली अमेरिकी लष्कराने स्प्रिंगफील्डची 'ट्रॅपडोर' रायफल घेतली, तिच्यासोबत हे काडतूस जन्माला आलं. त्यात ४०५ ग्रेनची शिशाची गोळी असे, पुढे ५०० ग्रेनची आली. ग्रॅममध्ये सांगायचं तर सव्वीस आणि बत्तीस. आपल्या जवानांच्या इन्सास रायफलीची गोळी जेमतेम चार ग्रॅमची असते. ट्रॅपडोर कधीच संग्रहालयात गेली, पण ४५-७० च्या कोऱ्या पुंगळ्या आजही इथल्या दुकानात मिळतात. दीडशे वर्षं टिकलेलं काडतूस म्हटल्यावर त्याच्याभोवती दंतकथा जमणारच, आणि बहुतेक लोक रायफल निवडताना खरं तर दंतकथाच निवडतात.

या सगळ्या प्रकरणाचं मूळ दारूत आहे. सोरा पंच्याहत्तर टक्के, कोळसा पंधरा, गंधक दहा. हा सोरा एके काळी जहाजं भरभरून बिहारातून विलायतेला जात असे. ही दारू जळते झटकन, पण अर्धवट. वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घन कणांच्या रूपात उरतो. काही पांढरा धूर होऊन बाहेर पडतो, उरलेला नळीला आतून चिकटतो. त्यामुळे तिच्या जोरावर जड गोळीला सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या आसपास वेग मिळतो आणि गाडी तिथेच अडते. इन्सासची गोळी सेकंदाला नऊशे मीटरने जाते ती धूरविरहित दारूमुळे, आणि ती दारू १८८० च्या दशकात आली. त्याआधीच्या कारागिराला लांबवर जोर पोचवायचा तर वेग वाढवायची सोय नव्हती. त्याच्या हातात एकच गोष्ट होती: गोळीचं वजन.

एवढं लक्षात आलं की पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं. भोकाचा व्यास ठरलेला असेल तर गोळी जड करायची म्हणजे ती लांब करायची. लांब गोळी हवेत तोल सांभाळायला जास्त गरगरावी लागते. जास्त गरगरायची तर नळीच्या आतल्या खाचांना पीळ जास्त हवा. म्हणजे गोळीची लांबी ठरवल्याशिवाय नळी ठरत नाही, आणि नळी ठरल्याशिवाय काडतुसाच्या नावाला अर्थ नाही. लोक मात्र काडतुसाचं नाव आधी ठरवतात, मग त्या नावाची नळी घेतात आणि मग तिला मानवेल अशी गोळी शोधत हिंडतात.

पीळ मोजतात तो इंचांत. 'अठराचा पीळ' म्हणजे नळीत अठरा इंच सरकेपर्यंत गोळी स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेते. आकडा लहान तितका पीळ घट्ट. ट्रॅपडोरच्या नळीला बाविसाचा पीळ होता आणि ४०५ ग्रेनच्या बुटक्या गोळीला तो भरपूर होता. १८७९ मध्ये वुलविचला शिकवणाऱ्या ग्रीनहिल नावाच्या गणितज्ञाने यासाठी एक सोपं सूत्र काढलं. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला दीडशेने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. ०.४५८ इंच व्यासाची आणि १.४ इंच लांबीची गोळी घेतली तर उत्तर साडेबावीसच्या आसपास येतं. कागदावर बाविसाचा पीळ काठावर पास. पण कागदावर वारा नसतो, आणि पाचशे मीटरवर पोचताना गोळी ध्वनीच्या वेगाखाली उतरते तेव्हाची तिची थरथरही नसते. म्हणून साडेपाचशे ग्रेनच्या आसपासच्या लांब गोळ्या झाडणारे लोक आज डोळे झाकून अठराचा पीळ घेतात. मीही तोच घेतला.

पीळ कमी पडला की काय होतं ते कागदी निशाणावर बघावं. गोळीचं भोक गोल यायचं सोडून लांबुळकं येतं, कधी तर गोळीची पूर्ण आडवी आकृती कागदावर उमटते, तळाच्या वंगणाच्या चरांसकट. रेंजवर एक नवखा मुलगा अशी निशाणं घेऊन वैतागला होता. सात पिढ्यांपूर्वीच्या कुणा शिकाऱ्याची असावी तशी सुंदर जुनी रायफल त्याच्या हातात होती, आणि गोळी मात्र आजच्या कॅटलॉगातली, सगळ्यात लांब. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने, जो रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालाय आणि फुकट सल्ला कधी देत नाही, त्याला आपल्या डब्यातल्या बुटक्या गोळ्यांची दहा काडतुसं दिली. भोकं गोल झाली. म्हातारा एवढंच म्हणाला, "रायफलीला काही झालेलं नाही."

आता जाडजूड नावांबद्दल. ४५-७० ची पुंगळी २.१ इंच लांब. त्याच व्यासात २.४ इंचाची ४५-९०, २.६ ची ४५-१००, आणि पावणेतीनच्या वर जाणारी ४५-११०. नुसती पुंगळ्यांची रांग लावली तरी माणूस शेवटच्या पुंगळीकडे ओढला जातो. ७० वरून ११० म्हणजे दारू दीडपटीहून अधिक. पण वेगात भर पडते ती दहा टक्क्यांच्या आसपास, आणि खांद्यावर बसणारी लाथ मात्र हिशेबाबाहेर वाढते. हजार यार्डांवर कागदी निशाण साधणाऱ्याला त्या दहा टक्क्यांचा उपयोग आहे. बाकीच्यांना नाही. मी हे लिहितो तेव्हा ४५-११० वाली मंडळी रागावतात. त्यांच्या खांद्याला माझ्या शुभेच्छा.

सगळ्यात मोठी दंतकथा ५०-९० ची. 'बिग फिफ्टी' म्हणून ओळखलं जाणारं हे शार्प्स या रायफल कंपनीचं काडतूस १८७२ चं, गव्यांसाठी काढलेलं. गवे म्हणजे इथल्या कुरणांतले बायसन. २७ जून १८७४ ला टेक्ससच्या उत्तरेकडच्या अडोबी वॉल्स नावाच्या व्यापारी ठाण्यावर कोमांची, शायेन आणि कायोवा या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी हल्ला केला. कारण उघड होतं: ठाण्यातले शिकारी त्यांचं अन्नच संपवायला बसले होते. वेढ्याच्या तिसऱ्या दिवशी बिली डिक्सन नावाच्या शिकाऱ्याने दूरच्या टेकाडावरच्या स्वारांवर बार काढला आणि एक जण खाली पडला. नंतर सांगितलं गेलेलं अंतर १५३८ यार्ड, जवळजवळ चौदाशे मीटर. त्यावर आजही वाद चालतो. मला त्यातल्या दोन गोष्टी आवडतात. एक, ती रायफल डिक्सनची नव्हती, दुसऱ्याकडून मागून घेतलेली होती. दोन, त्याने स्वतः तो नेम योगायोगाचा म्हणून सांगितला. पण त्या एका बाराच्या जोरावर आज माणसं पन्नासची नळी मागवतात.

आणि गव्यांचं काय झालं? १८८९ मध्ये विल्यम हॉर्नाडे या प्राणिशास्त्रज्ञाने मोजदाद केली तेव्हा कोट्यवधींतले जेमतेम हजारभर उरले होते. त्या शिकाऱ्यांना फार मोठी नेमबाजी करावी लागत नव्हती. दोन-तीनशे यार्डांवर उभा असलेला, पळून न जाणारा कळप आणि एकामागून एक बार. बिग फिफ्टीचं नाव मी कौतुकाने घेऊ शकत नाही ते यामुळे. जुन्या रायफलींचा नाद करायचा तर हा भाग गिळून टाकता येत नाही.

माझा नाद आला तो मात्र गव्यांकडून नाही. आमच्या कुडाळकडच्या घरी आजोबांची ठासणीची एकनळी होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर फडक्यात गुंडाळून परत यायची. गावातल्या सगळ्याच बंदुकांची ही वारी ठरलेली. त्या नळीत पीळ वगैरे काही नव्हता, आतून गुळगुळीत. दारू ओतायची, नारळाची सोडणं ठासायची, छर्रे टाकायचे, पुन्हा ठासायचं. दारूचं माप बोटांचं. गज नळीत उभा केला की तोंडाबाहेर किती बोटं उरतो त्यावर हिशेब. "डुकराक सा बोटां, माकडांक तीन," एवढं आजोबांचं शास्त्र होतं आणि ते त्यांना पुरलं. इथे मी दारू ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलतो हे मामाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मोजून घालतंस? मगे नेम कधी धरतंस?"

नेम धरायला मी जातो तो बहुतेक रॅटनला. कोलोरॅडोची हद्द ओलांडली की न्यू मेक्सिकोत हे गाव लागतं, आणि तिथल्या व्हिटिंग्टन सेंटरवर १९८५ पासून काळ्या दारूच्या काडतुसी रायफलींची सिल्हूट स्पर्धा होते. लोखंडी पत्र्याची जनावरं: दोनशे मीटरवर कोंबड्या, तीनशेवर डुकरं, तीनशे पंच्याऐंशीवर टर्की, पाचशेवर मेंढे. कोंबडी उभ्याने मारायची, बाकीची पालथं पडून, फुलीसारख्या जोडलेल्या दोन काठ्यांवर नळी टेकवून. रायफलीवर दुर्बीण नाही, मागच्या बाजूला उभी पट्टी असलेली जुन्या पद्धतीची साइट आणि पुढे बारीक कडं. नियम एकच महत्त्वाचा: जनावर पडलं पाहिजे. नुसतं वाजलं तर गुण नाही.

निवडीची खरी मजा इथे आहे. रायफलीच्या वजनाला मर्यादा आहे, बारा पौंड दोन औंस, म्हणजे साडेपाच किलो. या मर्यादेत लोकांचे दोन तट पडतात. एक ४५-७० वाले आणि दुसरे ४०-६५ वाले. चाळीसची गोळी हलकी, लाथ कमी, दिवसभरात साठ-सत्तर बार काढूनही खांदा शाबूत. सपाट जाते, वाऱ्यात फार हेलकावत नाही. कोंबड्या, डुकरं, टर्की या तिन्ही ठिकाणी चाळीसवाले पुढे. मग येतो पाचशे मीटरवरचा मेंढा. तो पत्रा जाड असतो आणि त्याचे पाय रुंद. चाळीसची गोळी त्याच्या पोटावर नेमकी बसते, दुर्बिणीतून ठिपका दिसतो, मेंढा जरासा डोलतो आणि उभाच राहतो. बार काढल्यापासून गोळी पोचायला दीड सेकंद, आणि तिचा 'टण्ण' आवाज परत यायला आणखी जवळजवळ तेवढाच वेळ. त्या तीन सेकंदांत माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. पंचेचाळीसचा जड दणका बसला की मेंढा बहुधा आडवा होतो.

गंमत पुढे आहे. बाहेरून तोच आकार, तीच लांबी ठेवून चाळीसची नळी घेतली तर ती पंचेचाळीसच्या नळीपेक्षा जड भरते. भोक लहान म्हणजे लोखंड जास्त. तीस इंचांच्या नळीत हा फरक सव्वाशे ग्रॅमच्या पुढे जातो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण साडेपाच किलोच्या काठावर बसलेल्या रायफलीत तेवढ्याने दस्त्याचं लाकूड बदलावं लागतं, किंवा नळी दोन इंच कापावी लागते, किंवा आठकोनी नळीऐवजी अर्धी आठकोनी, अर्धी गोल घ्यावी लागते. आठकोनी नळी दिसायला देखणी, त्याबद्दल वाद नाही. पण तिचं वजन पुढे असतं आणि उभ्याने कोंबडी मारताना डावा हात थरथरायला लागतो. मी पाच फूट पाच इंचांचा माणूस, अर्धी गोल घेतली. नळीवर सूर्य चमकताना आठ पैलू दिसावेत म्हणून कोंबड्या सोडायची माझी तयारी नाही.

वजनाच्या मर्यादेने कॅलिबर ठरण्याची ही गोष्ट नवी नाही. २६ सप्टेंबर १८७४ ला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, क्रीडमूर नावाच्या मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. दोन्हीकडे सहा-सहा जण. आठशे, नऊशे आणि हजार यार्ड. आयरिश संघ आदल्या वर्षी विंबल्डनची नेमबाजी जिंकून आलेला, त्यांच्याकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली. अमेरिकनांकडे शार्प्स आणि रेमिंग्टनच्या, मागून काडतूस घालायच्या, ४४ कॅलिबरच्या. नियमाने रायफल दहा पौंडांच्या आत हवी, म्हणजे साडेचार किलो. तेवढ्या वजनात चौतीस इंचांची नळी, जड गोळी आणि माणसाला सहन होईल अशी लाथ, हे तिन्ही बसवायचं तर चव्वेचाळीस हे त्या वेळचं उत्तर होतं. आयरिश ठासणीच्या रायफली नेमकेपणात तसूभर कमी नव्हत्या. प्रत्येक बाराआधी नळी पुसूनच भरायची असल्याने त्या नेहमी एकसारख्या झाडत. निकाल लागला ९३४ विरुद्ध ९३१. तीन गुणांनी अमेरिका. त्या तीन गुणांमागे मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाचा एक बार आहे, जो त्याने अगदी मधोमध मारला, पण शेजारच्या निशाणावर. शून्य गुण. शेवटचा बार कर्नल बोडीनने काढला, फुटलेल्या बाटलीने कापलेल्या हाताला रुमाल गुंडाळून. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी मागून भरायच्या रायफलींचा विजय साजरा केला आणि शार्प्स-रेमिंग्टनची विक्री वाढली. मिल्नरने योग्य निशाण धरलं असतं तर आज आम्ही सगळे ठासणीच्या रायफलींवर भांडत बसलो असतो, असं मला नेहमी वाटतं.

नळीची लांबी हा आणखी एक दंतकथांचा अड्डा. चौतीस इंचांच्या नळीने वेग फारसा वाढत नाही. फायदा होतो तो पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर वाढल्याने, नेम बारीक धरता येतो. पण त्याची किंमत आहे आणि ती कोरड्या हवेत कळते. नळीत उरलेली दारूची राख ओलसर असेल तोवर मऊ असते, पुढची गोळी तिला सहज ढकलते. ती सुकली की कढईच्या तळाला लागलेल्या खरवडीसारखी कडक होते आणि शिशाची गोळी तीवरून घासत, सोलत जाते. गोळीच्या चरांत मेणाचं वंगण भरलेलं असतं ते यासाठीच. गोळी पुढे सरकते तसं ते संपत जातं आणि नळीचे शेवटचे चार-सहा इंच कोरडे पडतात. नळी जितकी लांब तितका तो कोरडा पट्टा मोठा. कोकणातल्या श्रावणात ही अडचण कुणाला आलीच नसती. रॅटनच्या जून महिन्यात, साडेसहा हजार फुटांवर, ओठ फुटतात अशा हवेत दर बाराला येते.

उपाय म्हणजे फुंकणे. रिकाम्या पुंगळीचं बूड कोरून तिला रबरी नळी बसवायची, पुंगळी रायफलीत सरकवायची आणि तोंडाने सावकाश चार-पाच दीर्घ श्वास सोडायचे. श्वासातल्या वाफेने राख ओलावते. नळीच्या टोकातून उरलासुरला धूर आळसटपणे बाहेर येताना दिसतो तो पुढच्या टोकापर्यंत ओल पोचल्याची खूण. किती श्वास हे हवेवर आणि नळीच्या लांबीवर. तीस इंचांना जे पुरतात ते चौतिसाला पुरत नाहीत. माझी बायको त्या वस्तूला फुंकणी म्हणते, आणि मला दुसरं नाव सुचलेलं नाही. काही लोक फुंकत नाहीत, दर बारानंतर ओलं फडकं फिरवतात. ते जास्त खात्रीचं आहे. पण स्पर्धेत वेळ मोजलेला असतो आणि पालथं पडून गज घालणं हा प्रकार माझ्या कमरेला मानवत नाही.

वंगणाचा विषय निघाला की मराठी माणसाला १८५७ आठवणारच. एनफील्डच्या कागदी काडतुसावर चरबी लावायचं कारण हेच होतं: राख मऊ ठेवणं आणि ठासताना गोळी सरकती ठेवणं. यांत्रिक गरज खरी होती, ती भागवताना कुणाच्या तोंडात काय जाणार याचा विचार करायची गरज कंपनी सरकारला वाटली नाही. माझ्या वंगणात मधमाशांचं मेण आणि ऑलिव्ह तेल असतं. रेंजवरचा म्हातारा त्यात बैलाची चरबी मिसळतो आणि ती जास्त चांगली असं ठासून सांगतो. मी त्याला बराकपूर-मेरठची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "पण मग ते लोक कडक राखेचं काय करणार होते?"

नळी हातात आल्यावरचं पहिलं काम मला सगळ्यात आवडतं. मऊ शिशाचा, भोकापेक्षा किंचित मोठा गोळा तेल लावून नळीच्या मागच्या तोंडात बसवायचा आणि लाकडी दांड्याने हळूहळू पुढे रेटायचा. पहिल्या ठोक्याला शिसं खाचांत शिरतं. पुढे हाताला कळत जातं. चांगल्या नळीत विरोध एकसारखा असतो, टोकाकडे जरासा वाढला तर उत्तमच. वाईट नळीत मध्येच गोळा सैल पडतो, दांडा एकदम चार बोटं पुढे जातो आणि पोटात गोळा येतो. बाहेर आलेल्या शिशावर नळीच्या आतलं सगळं उमटलेलं असतं: खाचा किती, किती खोल, कडा धारदार की घासलेल्या. मायक्रोमीटर लावला की खाचांचा व्यास मिळतो. पंचेचाळीसच्या नळीत तो ०.४५८ असायला हवा. जुन्या रायफलींत तो ०.४५७ ते ०.४६२ असा कुठेही निघतो. गोळीचा साचा त्यावरून मागवायचा, उलट नाही. शिशात कथील किती हेही मग ठरतं, वीसाला एक की तीसाला एक. जास्त कथील म्हणजे कडक गोळी, आणि काळ्या दारूच्या दाबाने गोळीने किंचित फुगून खाचा भरायच्या असतात, तेव्हा फार कडक गोळी कामाची नाही.

कोऱ्या रायफली आज तीन-चार ठिकाणच्याच नावाजलेल्या. माँटानातल्या बिग टिंबर या छोट्याशा गावात दोन वेगवेगळे कारखाने शार्प्सच्या प्रतिकृती बनवतात, इटलीतून पेडरसोलीच्या येतात. माँटानावाल्यांकडे नोंदणी करून वाट बघावी लागते. त्या वाट बघण्यात माणूस फॉर्म तीनदा बदलतो. मला कुणी सल्ला विचारला तर मी म्हणतो: किती लांब मारणार, उभ्याने की पालथं पडून, आणि खांदा किती सोसतो एवढं आधी स्वतःला विचार. त्यातून गोळीचं वजन निघेल. मग लांबी, मग पीळ. पीळ ठरला की नळीवाल्याशी बोल, खाचा सहा की आठ, उथळ की खोल हे त्याचं त्याला कळतं. दहापैकी आठ वेळा उत्तर ४५-७०, तीस इंच, अठराचा पीळ असं येतं. हा रस्ता धरल्यावर ते कंटाळवाणं वाटत नाही. नववा माणूस ४०-६५ आणि सोळाचा पीळ घेतो. पुंगळ्यांची काळजी नको, ४५-७० च्याच पुंगळ्या दाबून ४०-६५ करता येतात. दहावा बिग फिफ्टीच घेणार असतो, त्याला सल्ला नको असतो, दाद हवी असते.

आपल्या बाजूची एक रायफल मात्र या हिशेबात बसत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये घेतलेली मार्टिनी-हेन्री: ८५ ग्रेन दारू, ४८० ग्रेनची कागद गुंडाळलेली गोळी, सात खाचा, बाविसाचा पीळ. १८५७ नंतर हिंदी शिपायाला मुद्दाम एक पिढी जुनी बंदूक द्यायची असं सरकारी धोरण होतं, म्हणून गोऱ्यांना मार्टिनी मिळाली तेव्हा आपल्या पलटणींच्या खांद्यावर स्नायडर होती. १८६९ साली खडकीला काडतुसांचा कारखाना सुरू झाला तो याच काळातला. शेजारी नेपाळात मात्र जनरल गहेंद्र शमशेर यांनी मार्टिनीवरून स्वतःची रायफल बेतली आणि तिथल्या लोहारांनी ती हाताने घडवली, एकेक भाग कानशीने घासून. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारात ती धूळ खात पडली होती. २००३ च्या सुमारास तो सगळा साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला, आणि आता कोलोरॅडोतल्या शस्त्रप्रदर्शनात तिच्यावर देवनागरी आकडे कोरलेले दिसतात.

म्हाताऱ्याने एक घेतलीय. ती झाडायची नाही, भिंतीवर लावायची, असं मी त्याला बजावलंय, कारण त्या लोखंडाच्या ताकदीबद्दल जाणकार हात वर करतात. पण नळीतून शिसं रेटून बघायला हरकत नव्हती. आकडे वाचून सांगायचं काम माझं होतं, कारण तळाचा ७ त्याला १ वाटत होता. शिशाचा गोळा मागून घट्ट गेला, मध्ये सैल पडला, टोकाला पुन्हा आवळला. आम्ही दोन्ही टोकांनी मायक्रोमीटर लावला तर दोन वेगळे आकडे आले. म्हाताऱ्याने दोन्ही वहीत लिहून घेतले आणि साच्याच्या कॅटलॉगाची पानं चाळायला लागला.